निकम सरांचा पाहुणा

व्याख्यान सुरू झालं की निकम सर हॉलच्या दाराला आतून पाठ लावून उभे राहत. दाराची कडी नीट लागत नसे, हे एक कारण. आम्ही पळून जाऊ, हे दुसरं आणि खरं कारण. पाहुणे एक तास बोलोत की अडीच तास, सर हाताची घडी घालून तिथेच. कोणी पोटावर हात ठेवून, चेहरा वेडावाकडा करून दाराशी गेलंच, तर सर हळू आवाजात म्हणायचे, "ऐकून घे बाळा. ऐकायला काय जातं?" काय काय जातं हे त्यांना सांगायची हिंमत तेव्हा कोणात नव्हती. आज मला विचाराल तर माझी कॉलेजची तीन वर्षं गेली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची ती वर्षं. नाशिकच्या आमच्या कॉलेजात निकम सर भूगोल शिकवायचे आणि व्याख्यान व चित्रपट मंडळ चालवायचे. भूगोल ते वेळापत्रकाप्रमाणे शिकवत, मंडळ मात्र जीव ओतून चालवत. दर शनिवारी काहीतरी असायचंच. एका शनिवारी निवृत्त न्यायाधीश, पुढच्या शनिवारी सर्पमित्र, त्याच्या पुढे कोणी मधुमेहावर बोलणारे. हॉलमध्ये दोन पंखे, त्यातला एक पाहुण्यांसाठी राखीव. या सगळ्याला मी इतका कंटाळलो होतो की शुक्रवारपासूनच जांभया यायच्या. आणि त्यात मी मंडळाचा चिटणीस.

चिटणीस कसा झालो, तर सिनेमामुळे. महिन्यातून एकदा सर व्हीसीआर लावून परदेशी सिनेमा दाखवत. पण सलग दाखवत नसत. ऐन रंगात आला की रिमोटने थांबवायचे आणि विचारायचे, "आता हा माणूस असं का वागला? कोण सांगेल?" कोणीतरी सांगेपर्यंत सिनेमा पुढे जायचा नाही. पडद्यावरचा तो बिचारा अर्धवट तोंड उघडून आमच्याकडे बघत थरथरत राहायचा. एकदा बाहेर मित्र मिसळ खायला थांबले होते, म्हणून मी वैतागून म्हणालो, "सर, दिग्दर्शकाने सांगितलं म्हणून वागला." हॉल हसला. सरांनी मात्र मला जवळ बोलावून पाठ थोपटली आणि चिटणीस करून टाकलं. मिसळ राहिलीच.

पुष्कळदा सिनेमा संपायच्या आत वीज जायची. मग सर अंधारात उभे राहून शेवट तोंडी सांगत. त्यांच्या शेवटात घर सोडून गेलेला मुलगा हटकून परत यायचा. पुढे त्यातला एक सिनेमा मी पुरा पाहिला. त्यात मुलगा कुठेही परत जात नाही.

पाहुण्यांचा परिचय हा सरांचा खास प्रांत. "थोडक्यात सांगतो," असं म्हणून ते वीस मिनिटं बोलत. नाव अगदी शेवटी घ्यायचं, ही त्यांची रीत. "आणि ती व्यक्ती म्हणजेच..." असं म्हणून थांबायचे आणि मग नावाबरोबर टाळ्या. तोवर पाहुणेही पेंगुळलेले असत.

सरांचं वय चाळिशीचं, लग्न झालेलं नव्हतं. कॉलेजमागच्या एका खोलीत एकटे राहत. गाव सटाण्याकडचं. तिकडचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्याच्याकडून कळलं की वडिलांनी शब्द देऊन साखरपुडा केला आणि सरांनी तो मोडला. वडील म्हणाले, पुन्हा दारात येऊ नको. रागात म्हटलेलं हे शब्दशः पाळणारा माणूस नाशिकमध्ये एकच असेल, तो म्हणजे निकम सर. आठ वर्षं ते गावी गेले नव्हते. दिवाळीत विचारलं तर म्हणायचे, "मंडळाची कामं असतात रे." दिवाळीत मंडळाचं काय काम असणार? पण आम्ही पुढे विचारत नसू.

त्या वर्षी मंडळावरच संक्रांत आली. लागोपाठ तीन पाहुण्यांनी ऐनवेळी टांग दिली. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "निकम, आता आणखी एक कार्यक्रम फसला तर मंडळ बंद. हॉल कॉम्प्युटर कोर्सला हवाच आहे." सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मला म्हणाले, "मग शनिवारी मी करू काय?" मी चेष्टेने म्हणणार होतो, आमच्यासारखं झोपा. पण बोललो नाही.

सरांनी जंग जंग पछाडून एक पाहुणा मिळवला. नागपूरचे दामले नावाचे निवृत्त इंजिनिअर, विषय पाणी. पत्रावरच सगळं ठरलेलं, दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. शनिवारी सकाळी सर आणि मी हार घेऊन नाशिकरोड स्टेशनवर उभे. नागपूरकडची गाडी आली. साठीचे, पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ पिशवी घेऊन उतरले आणि कोणाला तरी शोधत असल्यासारखे इकडेतिकडे पाहू लागले. सरांनी काही विचारलं नाही. थेट हार घातला, पिशवी हातातून घेतली आणि रिक्षात बसवून नाशिकची भौगोलिक रचना सांगायला सुरुवात केली. कॉलेज येईपर्यंत त्या माणसाला तोंड उघडायला फट मिळाली नाही.

तो माणूस दामले नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं. वर्ध्याचा एक कारकून होता, गुल्हाने नावाचा. वडिलांच्या नावाने नारायण नागबळीचा विधी करायला त्र्यंबकेश्वरला निघाला होता. तिथल्या गुरुजींनी पत्रात कळवलं होतं, की आमचा माणूस तुम्हाला घ्यायला स्टेशनवर येईल. आता स्टेशनवर हार घालून कोणी पिशवी उचलली, तर त्याने दुसरं काय समजायचं?

पुढचं तर सगळं जुळतच गेलं. स्टेजवर समई, ताटात हळदकुंकू, अक्षता, नारळ. शाल पांघरली गेली. गुल्हान्यांनी चपला स्टेजखाली काढल्या आणि समईला वाकून नमस्कार केला. प्राचार्य पहिल्या रांगेत. सरांनी परिचय सुरू केला, धरणांमागून धरणं बांधली, आणि "ती व्यक्ती म्हणजेच श्री. दामले" म्हणून थांबले. गुल्हान्यांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि दामले कोण उठतात ते पाहू लागले. सरांनी त्यांना हाताला धरून माईकपाशी आणलं, "बोला, घाई नाही," म्हणाले आणि नेहमीप्रमाणे दाराशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी होतो.

तेवढ्यात ऑफिसातल्या शिपायाने बाहेरून दार ढकलून एक चिठ्ठी आत सरकवली. नागपूरहून फोन आला होता. दामल्यांची तब्येत बरी नाही, ते निघालेच नाहीत. सरांनी चिठ्ठी वाचली, मीही त्यांच्या हाताखालून वाचली.  सरांनी एकदा प्राचार्यांच्या पाठीकडे पाहिलं, एकदा स्टेजकडे.

गुल्हाने बोलायला लागले होते. "मले बोलता येत नाही. इथं येवढे लोक असतीन असं वाटलं नव्हतं. माह्या बापाचं नाव गणपत. वर्ध्याले सायकली दुरुस्त करे."

हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली. सर आता पुढे जातील, असं मला वाटलं. त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि ते जागचे हलले नाहीत.

"शेवटची चार वर्सं मी त्याच्याशी बोललो नाही. भांडण कायचं होतं, ते आता आठवतो तं सापडत नाही, येवढं लहान. रोज संध्याकाळी तो माह्या घरावरून जाये. सायकल होती, पण बसून नाही जाये. हातात धरून पायी जाये. बसून गेला असता तं लवकर गेला असता ना. मी खिडकीतून पाहो. हाक नाही मारली. एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही आला. तिसऱ्या दिवशी मी गेलो, तं उशीर झाला होता."

ते थांबले. पंख्याचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. तीन वर्षांत मी पहिल्यांदा त्या हॉलमध्ये घड्याळ पाहिलं नाही. मी खाली मान घातली. तेव्हा दिसलं की सर दारापासून सरकून बाजूच्या पायरीवर बसले आहेत. दार मोकळं होतं. कोणी उठलं नाही.

आभार माझ्याकडे. मी आदल्या दिवशी लिहिलेला कागद तसाच वाचला. "सिंचनासारखा अवघड विषय पाहुण्यांनी सोप्या भाषेत मांडला," असं मी म्हणालो, आणि कोणी हसलंसुद्धा नाही. जाताना प्राचार्यांनी चष्मा पुसला. "निकम, विषय जरा भरकटला. पण चालू द्या मंडळ," म्हणाले.

जिंकलेल्या माणसासारखे सर काही दिसत नव्हते. पोहे खाताना त्यांनी गुल्हान्यांना हात जोडून खरं ते सांगितलं. गुल्हान्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मले बी मधात शंका आली होती. येवढी जवान पोरं, साऱ्यायचेच बाप गेले का काय, म्हणून माहा जीव तुटला. पण तुम्ही बोला म्हटलं ना. आजवर कोणी म्हटलंच नव्हतं."

विधी दुसऱ्या दिवसापासून होता, त्यामुळे काही बिघडलं नव्हतं. तरी सर त्यांना पोचवायला निघाले आणि चिटणीस म्हणून मलाही ओढलं. सीबीएस स्टँडवरून त्र्यंबकची एसटी धरली. वाटेत गुल्हान्यांनी सहज विचारलं, "तुमचे वडील?"

"आहेत. गावी."

"बोलणं होते ना?"

सरांनी खिडकीबाहेर अंजनेरीकडे बोट दाखवलं आणि हा डोंगर कोणत्या खडकाचा आहे ते सांगायला लागले. बरंच सांगितलं. गुल्हान्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले.

गुरुजींच्या घरी त्यांना सोपवलं. आमचा माणूस दोन तास स्टेशनवर ताटकळला म्हणून गुरुजी जरा चिडले, ते सरांनी मुकाट्याने सोसलं. परत स्टँडकडे चालताना एक एसटीडी बूथ लागला. सर त्याच्यापुढून गेले, पुन्हा मागे आले. मला वाटलं, कॉलेजात कळवायचं असेल. त्यांनी डायरी काढली नाही. नंबर तोंडपाठ होता.

"आबा, मी बोली ऱ्हायनू," मी बोलतोय, एवढं गावाकडच्या भाषेत म्हणाले आणि थांबले. वीस मिनिटं परिचय करून देणाऱ्या माणसाला पुढचं वाक्य सुचेना. "जेवनात का?" त्यांनी विचारलं. दुपारचे चार वाजले होते.

 पलीकडून एक खरखरीत म्हातारा आवाज सुरू झाला, तो थांबेचना. शब्द मला कळत नव्हते, पण तो रागाचा आवाज नव्हता. आठ वर्षांचं साठलेलं कोणीतरी सांगत होतं. सर रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून नुसते "हां आबा, हां" म्हणत होते. मागे रांगेतल्या बाईंनी घसा खाकरला. मी त्यांना म्हणालो, "थांबा ना जरा. वडिलांशी बोलताहेत." माझ्या आवाजाचं मलाच आश्चर्य वाटलं.

सर बाहेर आले. रुमालाने तोंड पुसलं, चष्मा पुसला, पुन्हा तोंड पुसलं.

"विहिरीवरची मोटार जळाली म्हणे," ते म्हणाले. "कांद्याला पाणी नाही. बघायला जायला पाहिजे."

"हो सर."

"पुढच्या शनिवारचा सिनेमा तू लाव. मी नाहीये."

त्या व्हीसीआरला त्यांनी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता.