पाईकराव सिस्टरांची गुरुवारची चर्चा

पाईकराव सिस्टर ऑनलाइन चर्चेत माणसाला बाळंत करतात. हे मी उगीच फेकत नाही. आमच्या जिल्ह्याच्या नर्सेसच्या संघटनेची दर गुरुवारी संध्याकाळी मोबाइलवर चर्चा भरते आणि ती चालवतात पाईकराव सिस्टर. बाई एकेकीचं नाव पुकारतात आणि ती तोंड उघडेपर्यंत पुढं सरकत नाहीत. कुणी चाचरलं, घुटमळलं, की लगेच आवाज येतो, "घाबरू नको माय. श्वास घे. हां, आता जोर लाव!" समोरची बिचारी आपल्या गावात खुर्चीवर बसलेली असते, हातात नुसता मोबाइल असतो, पण ती खरंच जोर लावते. मीही लावलेला आहे.

मी जवळा बाजारच्या सरकारी दवाखान्यात नर्स. सिस्टर शिरड शहापूरच्या बाजूला एका उपकेंद्रात आहेत. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पलंग आणि आजूबाजूच्या गावांची बाळंतपणं, लसी, ताप, खोकला, भांडणं, सगळं. बाईंची अख्खी नोकरी त्याच पट्ट्यात गेली. त्यांच्या हातावर जन्मलेल्या पोरी आता स्वतः बाळंतपणाला येतात. त्यांना बाई दटावतात, "तुझी माय बी अशीच वरडत व्हती. काय झालं तिला? टुणटुणीत हाय ना?" आणि पोरगी कळा सोसता सोसता हसते.

चर्चा कशी सुरू झाली ते सांगते. आमचा ग्रुप आधी सगळ्यांच्या ग्रुपसारखाच होता. सकाळी फुलं, दुपारी कुणाच्या तरी पोराच्या वाढदिवसाचा केक, मधेच पदाधिकाऱ्यांचं एखादं फर्मान आणि त्याच्याखाली आमच्या सगळ्यांच्या अंगठ्यांची रांग. सिस्टरांच्या हातात असला फोन जरा उशिराच आला. ग्रुपवर येऊन त्यांनी ती रांग बघितली आणि पहिलाच संदेश बोलून पाठवला, "सगळ्याजणी सही करायला शिकलेल्या हाव ना आपण? मग अंगठे काहून उठवून राहिल्या?" दुसऱ्या दिवशी एकीनं घाबरून अंगठ्याऐवजी जोडलेले हात टाकले. बाईंचं लगेच उत्तर, "हात खाली घे. तोंड उघड."

झालं! अंगठे बंद पडले. पण लिहायचा आम्हाला कंटाळा, शिवाय लिहिलेलं कोण कुणाला दाखवील याचा नेम नाही. तेव्हा बाईंनी ठरवलं, समोरासमोर बोलायचं. एका दुपारी त्या माझ्या दवाखान्यात येऊन बसल्या आणि मीटिंग कशी लावायची, आवाज कुठून बंद होतो, कुठून चालू होतो, हे शिकल्याशिवाय उठल्या नाहीत. शिकताना माझा जीव नकोसा केला. फोन कसा धरायचा हे मात्र त्यांना आजतागायत जमलेलं नाही. पडद्यावर त्यांचं कपाळ दिसतं, वर थोडा पंखा. आमच्या कितीतरी नव्या पोरी सिस्टरांना कपाळावरूनच ओळखतात. हनुवटी पाहायची तर शिरडची गाडी धरावी लागते.

चर्चा चालू असताना उपकेंद्राचं दार उघडंच. मधेच कुणी पेशंट आत आला तर बाई त्याला थांबवत नाहीत, सामील करून घेतात. एकदा बीपीच्या गोळ्या न्यायला एक आजोबा आले होते. विषय होता नर्सेसच्या बदल्यांचा. बाईंनी आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला, फोन त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, "बाबा, तुमाला काय वाटते? नवी नर्स गावात आली अन् वर्षात गेली, तर तकलीफ कोणाला व्हते?" आजोबा घसा खाकरून असे काही बोलले की आम्ही ऐकतच राहिलो. त्यांचं बीपी मात्र त्या दिवशी जरा जास्तच निघालं.

पण हसू नका. मी ज्या दिवशी या बाईसमोर हात जोडले, तो गुरुवार मला लख्ख आठवतो. अनिता खंदारे नावाची एक तरुण नर्स सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या एका उपकेंद्रावर नवीन लागली होती. दर चर्चेला हजर, पण आवाज कायम बंद. त्या दिवशी सिस्टरांनी नाव पुकारलं, "अनिता, बोल." अनिता गप्प. "बोल माय." गप्प. आमच्या अध्यक्षा देशमुख मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या हो, पुढचं नाव घ्या." सिस्टर म्हणाल्या, "थांबा मॅडम. कळा येऊन राहिल्या." आणि "तवर मेथी निवडते" म्हणून बाई चक्क मेथी निवडायला लागल्या. आम्ही सगळ्या मोबाइलमध्ये डोळे घालून बसलो. मला तर वाटलं, आता अनिताचं नेटच गेलं असणार.

मग बारीक आवाज आला, "सिस्टर, माझ्या खोलीला आतून कडी न्हाई. मी दाराला टेबल लावून झोपते."

एवढंच बोलली पोरगी. तिच्यामागून दुसरी बोलली, "माझ्या बी न्हाई." मग तिसरी. कुणाच्या दाराचा कोयंडा तुटलेला, कुणाच्या खिडकीला गज नाहीत. आम्ही इतकी वर्षं पगाराच्या, रजेच्या गोष्टी करत होतो आणि या पोरी टेबलं ढकलत होत्या! सिस्टरांनी मेथी बाजूला सारली, सगळं ऐकून घेतलं, त्याचा ठराव करायला लावला, वर पाठवायला लावला. पाठपुरावा तर असा केला की कार्यालयातले लोक त्यांचा फोन दिसला की दुसऱ्याकडे द्यायचे. शेवटी कड्या बसल्या.

मी त्यांना विचारलं होतं, "तुम्हाला कसं कळलं ती बोलणार म्हणून?" तर मलाच म्हणाल्या, "काय गं, लेकरू जन्मलं अन् रडलं न्हाई तर आपण काय करतो? पुसतो, पाठ चोळतो, तळपायाला टिचकी मारतो. त्याचा आवाज ऐकल्याबिगर आपला जीव खाली पडते का? मंग धडधाकट बाई बोलत न्हाई, तिला तशीच सोडायची व्हय?" मी नर्सिंग शिकले, इतकी वर्षं नोकरी केली, पण हे असं कधी सुचलं नव्हतं. शपथेवर सांगते, त्या घडीला मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण त्यांनी मलाच तिथं काही बोलायला लावलं असतं.

पण पोरी बोलायला लागल्या की सगळ्यांनाच गोड लागतं असं नाही. चर्चेतलं बोलणं कुणीतरी वरच्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेब अध्यक्षांवर उखडले, "तुमच्या बायका ऑनलाइन काय वाटेल ते बोलतात." देशमुख मॅडम तशा वाईट नाहीत. कामाच्या आहेत, पण साहेब ओरडले की त्यांचं धाबं दणाणतं. एका सकाळी ग्रुपवर त्यांचा संदेश आला, यापुढे शिस्तीसाठी ग्रुपवर फक्त पदाधिकारीच संदेश टाकतील, गुरुवारची चर्चा बंद, आणि कायमचा निर्णय वार्षिक सभेत होईल. त्याखाली कुणी काही लिहिलं नाही. लिहिणार कसं? फोनच लिहू देईना.

पुढचा गुरुवार आला. वेळ झाली तसा माझा हात आपोआप फोनकडे गेला आणि मला चक्क रडू आलं. बदल्या, कड्या हे सगळं ठीक आहे हो, पण आठवड्यातून एकदा कुणीतरी माझं नाव घेऊन 'बोल माय' म्हणायचं, तेच गेलं होतं.

सिस्टर रडत बसणाऱ्या नव्हेत. आमच्या बाजाराच्या दिवशी त्या स्कूटी घेऊन जवळ्याला आल्या. फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "ग्रुप उघडा पायजे का बंद? काहून? बोल." मी बोलले. माझा आवाज त्यात साठवून बाई निघाल्या. तिथून पुढं ड्यूटी संपली की त्यांची स्कूटी रोज वेगळ्या रस्त्याला. कापसानं भरलेल्या गाड्यांमागून, कच्च्या वाटांनी, एकेका उपकेंद्रावर जाऊन त्यांनी आवाज गोळा केले. जिथं जमलं नाही तिथल्या पोरींनी स्वतःच पाठवले. हे सगळे आवाज त्यांनी एका जागी जमवून ठेवले. फोनमध्ये आपला आपल्यालाच संदेश पाठवता येतो ना, तिथं.

वार्षिक सभा हिंगोलीला एका मंगल कार्यालयात होती. हार झाले, अहवाल झाला, मागून भाजीचा वास यायला लागला. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय म्हणतात ते आले. पाईकराव सिस्टर उठल्या. त्या दिवशी कपाळासोबत पूर्ण बाई बघून नव्या पोरींमध्ये कुजबुज झाली. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, जेवण थंड होतंय." सिस्टर म्हणाल्या, "गरम करता येते मॅडम. मी काईच बोलणार न्हाई." त्यांनी फोन माइकपुढं ठेवला, बटण दाबलं आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या.

काय सांगू तुम्हाला! एकेक आवाज यायला लागला. एकीच्या मागे कुकरची शिट्टी, एकीच्या मागे सुई टोचलेलं लेकरू ठणाणा करतंय, एक एसटीत बसून बोललेली. "ग्रुप उघडा ठेवा, मी एकटीच हाव इथं." "आमच्या औषधाचा तुटवडा ग्रुपवर बोलले तवा वरच्यांना कळला." अनिता म्हणाली, "मी बोलले म्हणून कडी बसली. आता मला झोप येते." आपला आवाज आला की बाया मान खाली घालत होत्या आणि डोळे पुसत होत्या. माझा आवाज आला तेव्हा मला ओळखूच आला नाही, इतका तो धीट होता.

शेवटची बाई बोलून संपली. टाळ्या वाजणार तोच फोन पुढचं ऐकवायला लागला. फोनची ती खोडच आहे, एक संपलं की खालचं आपोआप चालू होतं. आणि खालचं होतं सिस्टरांचंच.

"आज सगळ्या पोरींचे आवाज जमा झाले. लई चांगल्या बोलल्या. वरणात मीठ जास्त झालं." हॉल खदखदून हसला. सगळ्यांना वाटलं, बाईंनी मुद्दाम गंमत केली. "दोन भाकरी केल्या, एक उरली. टीव्हीशी बोलून पाहिलं, ती आपलंच चालू ठेवते. लेकीचा फोन न्हाई आला. नाशिकला लई काम असते तिला. हे असते तर बराबर म्हनले असते, मीठ हाताला लागलं का सांडलं. किती वर्षं झाली, तरी ताट दोनच काढते मी. गुरुवारची चर्चा व्हती तवा एक दिवस तरी बरा जायचा. तसं माझं बरं हाय. कोणी इचारलं तर म्हनायचं, बरं हाय. बस, झोपते आता."

हसणं केव्हा थांबलं ते कळलं नाही. सिस्टर उठल्या होत्या, पण खुर्च्यांच्या गर्दीतून स्टेजवर पोचेपर्यंत सगळं बोलून झालं होतं. त्यांनी फोन उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पाईकराव सिस्टरांना शब्द सापडत नसलेलं पाहिलं. आमचे आवाज जमवले त्याच जागी रात्री आपलीच आपल्याला बोलत होती ही बाई! आम्हा सगळ्यांना त्यांनी विचारलं होतं. त्यांना आमच्यातल्या एकीनंही कधी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. देशमुख मॅडमनी चष्मा काढून पुसला, माइक जवळ घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "ग्रुप आजपासून सगळ्यांना उघडा. साहेबांना काय सांगायचं ते माझं मी बघते. चला, जेवायला."

संध्याकाळी घरी पोचले तर ग्रुप उघडा होता, पण सगळ्या चिडीचूप. मग अनिता खंदारेचा आवाज आला, "सिस्टर, जेवल्या का? काय केलं आज?" तिच्यामागून दुसरीचा, "सिस्टर, जेवल्या का?" मी विचारलं. कोण कोण विचारत होतं, फोन नुसता टणटण वाजत होता. देशमुख मॅडमनीही विचारलं.

सिस्टरांनी लिहून पाठवलं, "हा संघटनेचा ग्रुप आहे. विषयाला धरून बोला."

अनितानं उत्तर दिलं, "आजचा हाच विषय हाय सिस्टर."

वर अक्षरं दिसायला लागली, पाईकराव सिस्टर रेकॉर्ड करत आहेत. गेली. पुन्हा दिसली, पुन्हा गेली. आम्ही सगळ्या आपापल्या घरी फोन धरून बसलो होतो. मग त्यांचा आवाज आला.

"पिठलं केलं व्हतं." मधे जरा थांबल्या, नाक ओढलं. "आन् तू काय खाल्लं माय?"