पाहुण्याची खोली

प्रवासाला निघताना धर्माकाका पिशवीत सगळ्यात आधी झाडू भरतात. मग चादर आणि एक बल्ब. आमच्या बिल्डिंगचे ते मालक. पनवेलजवळच्या त्यांच्या भातशेतीवर आता सात मजले उभे आहेत आणि मी चौथ्यावरचा भाडेकरू. मनात आणलं तर हा माणूस अख्खं लॉज विकत घेईल. पण परगावी मुक्काम करणार तो गावकीच्या समाजमंदिरातच.

"हॉटेलान पावना नसतो, गिऱ्हाईक असतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गावात शिरलं की आधी सरपंचाचं घर, ओटीवर बसून पाणी, आणि मगच चावीची गोष्ट. सकाळी निघताना समाजमंदिर झाडायचं, गेलेला बल्ब बदलायचा. एकदा मीही सोबत होतो. पाहतो तर आत हळदीची गडबड! आम्हाला नवऱ्याकडचे समजून त्यांनी जेवायला वाढलं, काकांना टोपी-टॉवेल दिला. लोकांचं मन कसं मोडायचं, म्हणून काकांनी टोपी डोक्यावर चढवली. तेवढ्यात नवऱ्याचे खरे मामा आले आणि टोपी शिल्लक नव्हती. काकांनी आपल्या डोक्यावरची काढून त्यांना घातली. टॉवेलाला मात्र हात पुसून झाले होते. सकाळी त्याच मामांनी आम्हाला एसटीपर्यंत सोडलं. मला तर शेजारच्या फ्लॅटमधल्यांचं नावही ठाऊक नाही.

गेल्या वर्षी काकांच्याच गावाने, आमच्या बिल्डिंगसमोर, नवं समाजमंदिर बांधलं. मागची खोली वाटसरूंसाठी ठेवा, असं काका बैठकीत म्हणाले. गावकीच्या तरुण अध्यक्षाला तिथे मांडवाचं सामान ठेवायचं होतं.

"काका, खारघरपर्यंत लॉजच लॉज हायत. हितं कोन येनार?"

"आमी जनमभर लोकांच्या गावान झोपलो. आपल्या गावान कुनी झोपू नको?"

शेवटी ठरलं, महिनाभर बघू. एक तरी पाहुणा राहिला तर खोली काकांची, नाहीतर मांडवाची.

काका रोज संध्याकाळी खोली झाडत, माठ भरत आणि रस्त्याकडे बघत बसत. रिक्षावाल्यांनाही सांगून ठेवलं होतं. एक जण आला, एसी नाही म्हणून आल्या पावली परत गेला. काकांचं तोंड बघवेना.

शेवटच्या दिवशी मी बॅग भरली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "मुक्कामाला जागा मिळेल का?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. तिथून माझी बाल्कनी दिसत होती, त्यात माझाच शर्ट वाळत होता.

"कंचं गाव?"

"सातारा." खोटं नव्हतं, मूळचा मी तिथलाच.

सामानाचा टेम्पो घेऊन आलेला अध्यक्ष मागे उभा होता. तो मला रोज पार्किंगमध्ये बघतो. "पावना हाय म्हनजे हाय," म्हणत हसला आणि त्याने टेम्पो वळवला.

एरवी मला अरे-तुरे करणारे काका "बसा पावनं" म्हणाले आणि घाईने घरी गेले. तासाभराने डबा घेऊन आले. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. काकू गेल्यापासून त्यांचं जेवण खाणावळीतून येतं, म्हणून मी विचारलं, "आज खाणावळ बदलली?"

"घरचं हाय. ती गेल्यापासून गॅस पेटवलाच नव्हता. एकट्यासाठी कोन रांधनार?"

भाकरी एका बाजूने चांगलीच करपली होती. मी आणखी एक मागून घेतली.