एंटर दाबण्याचा मान

लग्नघरात काम कोणी केलं याला फारसं महत्त्व नसतं. ते करण्याचा मान कोणाचा होता, यावर मात्र पुढची वीस वर्षं बोलता येतं. व्यवस्था उत्तम आहे. काम एकदाच होतं, मान कितीही वेळा देता येतो.

बालाघाटच्या एका शाळेत संगणक शिकवणाऱ्या श्रुतिकाच्या मेंदीच्या दिवशी या व्यवस्थेची परीक्षा झाली. होणारे सासरे नथ्थूजी वरातीची वेळ ठरवायला लांजीहून आले आणि चहा पिता पिता म्हणाले, की सुनेची नोकरी आता बंदच समजा. श्रुतिकाने आठवण करून दिली, की साखरपुड्यात त्यांनीच चारचौघांत नोकरीला होकार दिला होता.

"म्या? कधी?" नथ्थूजी म्हणाले. "दाखवा बरं."

व्हिडिओ होता. श्रुतिकानेच तो संगणकाला बाहेरून जोडायच्या डिस्कवर ठेवला होता. पण ही डिस्क सोवळ्यातली. आत लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कच्या पोटात आखलेल्या अदृश्य खोल्या. आधी खोल्यांचा गट शोधायचा, मग त्याला जागं करायचं, मग खोलीचं दार उघडायचं. सगळं काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून. (माऊसला इथे कोणी विचारत नाही.) आज्ञा एकट्या श्रुतिकाला येत होत्या, आणि तिच्या हातांवर कोपरापर्यंत ओली मेंदी होती.

तेव्हा तिने सांगायचं आणि मोठी बहीण मयुरीने टाइप करायचं असं ठरलं. एंटर कोणी दाबायचं, हे मात्र असं सहज ठरण्यासारखं नव्हतं. टाइप करणं हे काम. एंटर दाबणं हा मान.

पहिला मान राजूमामांचा. पडद्यावर गट सापडल्याची ओळ आली आणि मामांनी असं पाहिलं, जणू स्थळही त्यांनीच शोधलं होतं. दुसरा मधूकाकांचा. गट जागा झाल्याची ओळ आली. आत्याबाईंनी काकांना कुंकू लावलं. दार उघडण्याचा शेवटचा मान मयुरीच्या नवऱ्याचा, मलाजखंडहून आलेल्या रजतरावांचा. त्यांनी बाही सावरून एंटर दाबलं.

पडदा गप्प.

"भाऊजी, उघडलं," श्रुतिका म्हणाली. "काम झालं म्हंजे ते बोलत नाई."

"मामाले बोललं, काकाले बोललं. माह्याच बारीले काहून चूप?"

(गुपचूप झालेलं काम आमच्याकडे अपमानात मोडतं.) जावईबापू चपला शोधू लागले. तातडीने बैठक बसली आणि झालेलं काम त्यांच्या हातून पुन्हा करून घ्यायचं ठरलं. या खेपेला यंत्राने सुनावलं, की दार आधीच उघडलेलं आहे. ही झिडकारणी होती, पण इंग्रजीत होती आणि मामा-काकांच्या ओळींपेक्षा लांब होती. जावईबापू समाधानाने बसले.

व्हिडिओ लागला. पहिली शाल कोणाला दिली, कोणाचं डोकं अर्धंच आलं, यावर घर हसत-भांडत असताना पडद्यावरचे नथ्थूजी म्हणाले, "सून नोकरी करन. आमची काई हरकत नाई."

मेंदीचे हात पुढे धरून श्रुतिका समोर बसलेल्या नथ्थूजींकडे वळली.

नथ्थूजींनी कप खाली ठेवला. "हौ, म्हटलं होतं. करू दे नोकरी. मले वाटलं, लग्नाचे व्हिडिओ कोन पाह्यते."

नोकरी राहिली. नथ्थूजींना दोष देण्यात मात्र अर्थ नाही. तुमच्या लग्नाचा व्हिडिओही घरात कुठेतरी आहेच. तुम्हीही त्यात बरंच काही कबूल केलेलं आहे, आणि तो पाहायला एकही आज्ञा लागत नाही. तरी तुम्ही इतके निवांत वाचत बसला आहात, त्या अर्थी त्यांचा अंदाज फारसा चुकलेला नव्हता.