तेरावं पातं

"मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत असा एक चाकू दाखवा, की जो या गुणाजी परबाच्या हातात आला आणि उघडला नाही!"

हे वाक्य गुणाजी वर्षातून निदान पन्नास वेळा म्हणायचा आणि त्यातल्या एकोणपन्नास वेळा ते खरंही असायचं. ही हकीगत पन्नासाव्या वेळेची.

साल अडुसष्ट. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत शिवणयंत्रांचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता. गुणाजी तिथे नऊ वर्षं फिटर होता. राहायचा अंधेरीतच, चाळीतल्या दीड खोलीत. त्यातली एक खोली बायकोची, म्हणजे सुगंधाची, आणि अर्धी चाकूंची. कुणाला भजनाचा नाद असतो, कुणाला पत्त्यांचा. गुणाजीला खिशातल्या चाकूंचा नाद होता, तेही एका मुठीत चाकू, कात्री, करवत, डबा फोडायचं हत्यार असं सगळं बिऱ्हाड घेऊन बसणाऱ्या चाकूंचा! खलाशांनी विकलेले, गंजून दगड झालेले चाकू तो जुन्या बाजारातून आणायचा, आठ-आठ दिवस रॉकेलमध्ये भिजत घालायचा आणि एके दिवशी असं चकचकीत पातं बाहेर काढायचा की चाळीतल्या बायका त्यात बघून कुंकू नीट करायच्या.

पण नुसतं दुरुस्त करून थांबेल तर तो गुणाजी कसला! प्रत्येक चाकूत स्वतःची भर घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शेजारच्या काशीराम सुताराच्या चाकूत त्याने कानकोरणं बसवलं होतं. काशीराम तेव्हापासून चाकू म्हणून तो वापरतच नव्हता.

तर अशा या गुणाजीला एकदा भाऊरावांनी बोलावलं. भाऊराव म्हणजे कारखान्याच्या टूलरूमचे फोरमन. टूलरूम म्हणजे कारखान्याचा गाभारा. तिथली माणसं केसाच्या दहाव्या भागाइतकं माप बोटाने ओळखतात, अशी बोलवा होती. तिथून जाताना गुणाजीचा आवाज आपोआप खाली यायचा. भाऊरावांनी तीस वर्षांत कुणाला 'शाबास' म्हटलेलं नव्हतं. कुणाचं काम फारच आवडलं तर ते "हं" म्हणत. तो "हं" ज्यांना मिळाला होता, ते तो नातवंडांना सांगत.

भाऊरावांनी खिशातून एक गंजका ठोकळा काढून टेबलावर ठेवला.

"यंत्रं बसवायला आलेल्या परदेशी इंजिनियरने दिलेला चाकू आहे. तेरा पाती. वर्सोव्याला समुद्रात पडला, तेव्हापासून घट्ट मिटलाय. उघडशील?"

"भाऊराव, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत—"

"ते ऐकलंय. खंडेनवमीला दुपारी चार वाजता टूलरूमची पूजा आहे. त्या पूजेत मला हा मांडायचाय, तेराच्या तेरा पाती उघडून. मांडलास, तर टूलरूममधली रिकामी जागा तुझी. आणि ऐक. नुसता साफ कर. अक्कल चालवू नकोस!"

नऊ वर्षं गुणाजी ज्या दाराकडे बघत होता, ते दार एका चाकूने उघडणार होतं. त्या दिवशी तो घरी चालत गेला की तरंगत, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

चाकू रॉकेलमधून निघाला. रिवेटी काढून गुणाजीने तो उघडला आणि पाटावर मांडी घालून बघतच बसला. काय ती रचना! पितळेचे पापडाइतके पातळ पडदे, त्यांच्यामध्ये एकाला एक खेटून पाती आणि एकेक स्प्रिंग दोन-दोन पात्यांना सांभाळतेय! कुणी कुणाच्या अंगावर जात नाही, कुणी कुणाची जागा अडवत नाही. दीड खोलीत आठ वर्षं काढलेल्या माणसाला हे बघून भरून आलं.

"सुगंधा, बघ गं! तेरा जणांचं कुटुंब, पण भांडण म्हणून नाही!"

"तेंच्यात सासू नसतली," सुगंधा म्हणाली आणि भात उतरवायला गेली.

बारा पाती उघडली. तेरावं मात्र समुद्राने पार खाल्लं होतं. ते होतं बाटलीचं बूच काढायचं मळसूत्र. गुणाजीने त्याचा गंजका तुकडा हातात धरला आणि तिथेच त्याची अक्कल चालू लागली. भाऊराव माळकरी! आयुष्यात त्यांनी बाटली कधी उघडली ती खोबरेल तेलाची. त्यांना बुचाचं मळसूत्र कशाला? त्या जागी काहीतरी कामाचं हवं. आणि कोकणातल्या माणसाला कामाचं म्हणजे दुसरं काय सुचणार?

गुणाजीने बारीकशी खवणी केली. नारळ खवायची! करवतीच्या पात्यातून कापलेली, करंगळीएवढी, पण दाते असे की सुगंधानेसुद्धा तोंडावर पदर धरून "अगो बाय!" म्हटलं. त्या पात्याच्या मोडलेल्या स्प्रिंगच्या जागी त्याने जुन्या ग्रामोफोनची स्प्रिंग कापून बसवली. अष्टमीच्या संध्याकाळी शेवटची रिवेट ठोकली आणि खवणी मिटली.

खट्!

असा आवाज की पलीकडच्या खोलीतून विचारणा झाली, काही पडलं का म्हणून. गुणाजी खूश झाला. मग त्याने ती उघडायला नख लावलं. खवणी हलली नाही. दुसरं नख लावलं, ते तुटलं. नाणं लावून बघितलं, पण नखासाठीची खाच हौसेने इतकी नाजूक कोरली होती की नाणं आत शिरेना. स्प्रिंग अंमळ जास्तच ताठ झाली होती.

"दहा मिनिटांचं काम," गुणाजी म्हणाला. "सकाळी एक रिवेट काढतो, स्प्रिंगवर कानस मारतो, झालं!"

सकाळी तो उठला तेव्हा सुगंधा न्हाऊन मोकळी झाली होती आणि पाटावर पूजा मांडलेली होती. हातोडी, कानशी, पक्कड, पान्हे, पंच, सगळी हत्यारं ओळीने बसलेली, हळदकुंकू ल्यालेली. मधोमध विळी. प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. खंडेनवमी!

गुणाजीचा हात पकडीकडे गेला.

"हात लावशात तर माझ्याशी गाठ आसा!" सुगंधा कडाडली. "पूजेतला हत्यार उद्यापत्तर हलवूचा नाय!"

सुगंधा नसती, तरी गुणाजीने हात मागेच घेतला असता. त्याच्या वडिलांनी एका नवमीला पूजेतली पटाशी उचलली होती आणि त्याच साली त्यांचा अंगठा गेला होता. मुकाट्याने नमस्कार करून, चाकू खिशात टाकून तो बाहेर पडला. अख्ख्या अंधेरीत एक पक्कड मिळणार नाही?

काशीराम सुतार ओसरीवर उताणा पडला होता. मागे करवत, रंधा, वाकस हार घालून बसलेले. "आज मालक ते आहेत," काशीराम त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आपण गडी."

चंद्रप्रकाश न्हाव्याच्या दुकानात तर एक गृहस्थ अर्ध्या दाढीने बसले होते. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर फेस वाळत चाललेला. चंद्रप्रकाशच्या बायकोने मुहूर्त टळतोय म्हणून हातातला वस्तरा तसाच नेऊन पूजेत ठेवला होता!

"उद्या या," चंद्रप्रकाश त्यांची समजूत काढत होता. "सोनं वाटायला निघाल तेव्हा उरलेली करून देतो. एका बाजूने ओळख राहीलच ना!"

गॅरेजवाले चाचा तरी मदत करतील असं वाटलं होतं. पण चाचा बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. "लडकों ने सब बिठा दिया. मेरा पाना भी फूल पहन के बैठा है. मैं कैसे उठाऊँ? कल आओ, मिठाई भी खाना."

गुणाजी रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एरवी ठोकाठोकीने कान किटणारी अंधेरी आज गप्प होती. घण गप्प, रंधा गप्प, कात्री गप्प. वर्षभर माणसांसाठी झिजणारी ही सगळी लोखंडं एक दिवस स्वस्थ बसली होती आणि सगळी अंधेरी त्यांना हात जोडून उभी होती. गुणाजीच्या अंगावर काटा आला. तो म्हणाला, "वा!" आणि लगेच त्याला आठवलं की दीड वाजला आहे आणि आपली वाट लागली आहे.

बाजाराच्या कोपऱ्यावर खारदांड्याची मंजुळा कोळीण सुक्या बोंबलांची पाटी पुढे घेऊन बसली होती. नवरात्रात ओल्या मासळीला गिऱ्हाईक नाही, सुक्याला तरी कुठे होतं!

"मंजुळामावशी, तुझा कोयता दे गं जरा!"

"कोयता घरा ऱ्हायला, पूजेला. तुना काय करायचाय?"

गुणाजीने चाकू पुढे केला आणि सगळं रामायण सांगितलं. मंजुळाने चाकू उलटासुलटा केला, खवणीच्या खाचेवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि शिंपली उघडावी तसं मनगट फिरवलं.

टिक्!

खवणी उघडली. गुणाजीने आधी खवणीकडे बघितलं, मग त्या नखाकडे. चाळीस वर्षं तिसऱ्या आणि कालवं उघडून ते नख शिंगासारखं झालं होतं.

"मावशी, हे... हे नख आहे?"

"मंग काय हाय? दात?"

तेराही पाती उघडून, चाकू दोन्ही हातांत धरून गुणाजी निघाला. मिटून चालणार नव्हतं. समोरून येणारी माणसं बाजू देऊ लागली. एका म्हातारीने नमस्कारही केला. तो बसमध्ये चढला आणि कंडक्टर ओरडला, "ओ! हे काय घेऊन चढताय? बंद करा!"

"बंद नाही करता येत हो! उघडायला बाई लागते!"

"असली हत्यारं चालत नाहीत बसमध्ये!" असं म्हणून कंडक्टरने कर्तव्यबुद्धीने स्वतःच्या हाताने एकेक पातं मिटवलं. बारा पाती निमूट मिटली. तेराव्याचा आवाज झाला.

खट्!

गुणाजी पुढच्या थांब्यावर उतरला आणि उलटा पळत सुटला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मावशी, तूच चल! कारखान्यात चल!"

"आनि माजी पाटी कोन बघल?"

"मी आणतो!"

चारला दोन मिनिटं कमी असताना टूलरूमच्या दारातून आधी वास आत आला, मग मंजुळा आणि तिच्यामागून डोक्यावर बोंबलांची पाटी घेतलेला गुणाजी. उदबत्त्या लागलेल्या, नारळ मांडलेले, मापं मखमलीवर ठेवलेली. सगळा कारखाना वळून बघायला लागला. भाऊरावांनी चष्मा वर केला.

"चाकू?"

गुणाजीने चाकू मंजुळाच्या हातात दिला. तिने बारा पाती शेंगा सोलाव्यात तशी उघडली, तेराव्याला नख लावलं, मनगट फिरवलं. टिक्!

भाऊराव जवळ आले. खवणीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"हे काय आहे?"

"खवणी," गुणाजी पाटीखालून म्हणाला. "नारळाची. चुकलं, भाऊराव."

भाऊरावांनी पूजेतल्या ओल्या खोबऱ्याची वाटी उचलली, खवणीवर एकदा फिरवली. तांदळाच्या कणीसारखा खोबऱ्याचा चव हातावर पडला. तो त्यांनी तोंडात टाकला.

"हं," भाऊराव म्हणाले.

गुणाजीचे डोळे भरून आले. पुसता येईनात, दोन्ही हात पाटीला होते.

"स्प्रिंग ताठ झालीय," भाऊराव पुढे म्हणाले. "ढिली करायला मी शिकवीन. परवापासून इथे ये." मग ते मंजुळाकडे वळले. "बाई, अंगठा बघू."

त्यांनी तो अंगठा उजेडात धरून मापाच्या काट्याकडे बघावं तसा बघितला. तीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं ते त्या दिवशी कारखान्याने पाहिलं: भाऊरावांनी टोपी काढली, हात जोडले आणि पूजेच्या ताटातलं हळदकुंकू मंजुळाच्या अंगठ्याला लावलं. वर अक्षता टाकल्या. सगळ्यांनी नमस्कार केला. दोघा-तिघांनी तर कान धरले.

मंजुळाने अंगठ्याकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊ, पूजा झाल्याव हत्याराला काम नाय लावायचा, असाच ना?"

"उद्यापर्यंत नाही," भाऊराव गंभीरपणे म्हणाले.

"मंग उद्यापावत मी पाटी नाय उचलायची," मंजुळा म्हणाली. "चल रं गुणाजी!"

आणि अशा रीतीने टूलरूमचा नवा कारागीर त्या दिवशी पाच वाजता, डोक्यावर पाटी घेऊन, "सुकं बोंबीऽऽल!" अशी आरोळी देत स्वतःच्याच चाळीत शिरला. मागून मंजुळा अंगठा उभा धरून देवीच्या थाटात चालत होती. सुगंधा बाहेर आली आणि खांबाला धरून खाली बसली.

"अगो बाय माझे! कारखान्यातसून काढल्यानी काय तुमका?"

"काढलं नाही गं! टूलरूम मिळाली!"

"मगे ह्यां काय?"

गुणाजीने अंगठ्याकडे मान केली. सुगंधाने हळद बघितली, कुंकू बघितलं, अक्षताही बघितल्या. ती उठली, पदर खांद्यावरून घेतला आणि अंगठ्याला वाकून नमस्कार केला.

"तर मगे बरोबर आसा," ती म्हणाली. "मावशे, तू भितर ये, च्या घे." आणि गुणाजी तिच्या मागोमाग उंबऱ्याशी पोचताच तिने दारात आडवा हात धरला. "तुमी खय? घरात घट बसलेहत! पाटी घेवन उद्यापत्तर भायरच बसा!"