ढोबळेकाकांचा तलाव

माझ्या वडिलांच्या तेरवीला, पंगत बसलेली असताना, ढोबळेकाकांनी तलावाच्या निवेदनावर सह्या घेतल्या. लोकांचे वरणाचे हात पुसायला स्वतःचा टॉवेलही आणला होता.

रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या शेजारच्या खोलीत एकटाच राहायचा. आमचं रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि काकांनी ठरवून टाकलं की राजधानीत अर्ज वाचतात. आमच्या पाऱ्यामागचा, म्हणजे मोहल्ल्यामागचा, तलाव म्हणजे निव्वळ उकिरडा. दर रविवारी पहाटेच काका दार बडवत.

"उठा रे! गाळ काढून राहिलो!"

"काका, आज इतवार है!" माझी मुलगी ओरडायची.

"हव बेटा, पण कचऱ्याले इतवार नसते!"

मग चिखलात मी, काका आणि इस्त्रीवाली शकुनबाई. माझी कंबर तेव्हा गेली ती गेलीच.

काही वर्षांनी साहेबलोक आले. तलाव स्वच्छ झाला, पायवाट झाली, दिवे लागले. फीत कापणाऱ्या पाहुण्यांच्या हातात काकांनी लगेच गटाराचं निवेदन ठेवलं, आणि रविवारचं दार बडवणं आता गटारासाठी चालू राहिलं.

आणि मग तलावाकाठी कॉफीची दुकानं आली. चाळी पाडून फ्लॅट उठले, भाडी चढली. सगळ्यांत आधी शकुनबाई शहराबाहेर गेली. हळूहळू अर्धा पारा रिकामा झाला. मलाही खोली सोडायला सांगितलं, तेव्हा माझा तोल सुटला.

"काका, घाण होती तेव्हा डोक्यावर छप्पर तरी होतं! कोणी सांगितले होते हे उद्योग?"

त्या रविवारी दार वाजलं नाही. पुढच्याही नाही.

मी शहराबाहेर खोली बघायला गेलो, तर शकुनबाईच्या दारात काका. बसमधून आणलेली कपड्यांची दोन गाठोडी उतरवत होते.

"तुम्ही इथे?"

"नव्या फ्लॅटवाल्यांचे कपडे आहेत. बाई इकडं आली, गिऱ्हाईक तिकडंच राह्यलं. मंग कोणी आणून द्याचे?"

"हर इतवार आते हैं," शकुनबाई आतून म्हणाली. "मना करती हूँ, सुनते नहीं."

काकांनी गाठोड्याची गाठ उगाचच सोडली, पुन्हा बांधली.

"मले पण खोली सोडाले सांगतलं. मी इथंच राहाले येतो, पुढच्या महिन्यात." मग माझ्याकडे न बघता, "बाजूची खोली रिकामी आहे. तू... येशीन ना?"

इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"दाखवा," मी म्हणालो.