हात घेऊन या

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमची बेल वाजायला लागली आणि वाजतच राहिली, की समजायचं, राणेकाकांचा साबण आखडला. दार उघडावं तर काका पुढच्या दारावर पोचलेले. हातात रबरी मोजे, कपाळावर गॉगल आणि तोंडी एकच वाक्य, "हात घेऊन या." जसं काही आम्ही एरवी हात कपाटात ठेवतो.

पालेगावातल्या आमच्या सोसायटीचं नाव लेक व्ह्यू. तळं अजून कुणाला दिसलेलं नाही. पावसाळ्यात पार्किंगमध्ये जे साचतं त्यावरच आम्ही समाधान मानतो. क्लबहाऊस आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली सेक्रेटरींकडे आहे आणि सेक्रेटरी दार उघडत नाहीत. तसं दार कुणीच उघडत नाही म्हणा. माणसं ग्रुपवर गुड मॉर्निंग घालतात आणि लिफ्टमध्ये भेटली की आकडे बघत उभी राहतात. अशा ठिकाणी हा माणूस मजलाभर बेला दाबत फिरतो.

काकांची सगळी हयात विठ्ठलवाडीच्या चाळीत गेली. काकी वारल्यावर मुलाने ती खोली विकली, बापाला इथे आमच्या मजल्यावर आणून ठेवलं आणि तो पुण्याला गेला. काकांनी काही दिवस भिंती बघितल्या, मग मोबाईलवर बघून साबण करायला घेतला.

रीत सोपी आहे. तेलं मोजून घ्यायची, कॉस्टिक सोड्याचं पाणी बेताने त्यात सोडायचं, हँड ब्लेंडर फिरवायचा आणि पातळ पिठल्यासारखं झालं की सेंट घालून साच्यात ओतायचं. काकांचं गाडं सेंटपाशी अडायचं. मोगरा पडला रे पडला की पातेल्यातलं सगळं डोळ्यांदेखत घट्ट गोळा. ब्लेंडर त्यात आपला आपण उभा राहायचा.

"वाया गेला की हो," मी पहिल्यांदा म्हटलं होतं.

"वाया कसला? आखडलाय. पायात गोळा आला म्हणून कुणी पाय टाकून देतं का? मोजे घाल, अजून झोंबतो तो."

मग दगड व्हायच्या आत आम्ही सगळ्यांनी तो वळायचा. लाडू वळायचे, थोडा मोदकाच्या साच्यात दाबायचा, उरलेला थापून शंकरपाळ्या पाडायच्या. चुरा राहिला तर पुढच्या साबणात घालायचा. महिनाभर वाळला की घरोघर वाटप. आमचे हे गेली दोन वर्षं मोदकाने आंघोळ करतात. एकदा सासूबाईंनी चष्मा न लावता तसलाच एक मोदक देवापुढे ठेवला. देव घमघमत राहिले आणि मुंगी म्हणून फिरकली नाही, त्यामुळे बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझं आणि समोरच्या ढवळेवहिनींचं चपलांच्या स्टँडवरून बोलणं बंद होतं. पण एका पातेल्यातून लाडू वळताना किती गप्प बसणार? "तुमचा मोठा झाला" एवढं तरी म्हणावं लागतंच. त्यांनी म्हटलं, मी उत्तर दिलं आणि स्टँड अजून तिथेच आहे.

शेवटी चहा. एक गोष्ट मात्र मला खटकायची. आणीबाणी झाली म्हणून काका धावत यायचे, पण आम्ही पोचायच्या आधीच गॅसवर मोठ्या टोपात चहाचं आधण चढलेलं असायचं. आलंसुद्धा किसून तयार.

एका रविवारी या वळावळीत माझं मटण करपलं. तेव्हा मात्र मी ठरवलं, हा आजार मुळातून बरा करायचा. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये पडद्याचं कापड आणायला गेले होते, तशीच शेअर रिक्षा सोडून काकांच्या सेंटवाल्याचं दुकान गाठलं. म्हटलं, राणेकाकांसाठी साबण न आखडणारा सेंट द्या.

सिंधी दुकानदार हसायला लागला. "मॅडम, राणे साईं को सब मालूम है. मैं खुद बोला, ये मोगरा मत लो, साबुन पत्थर बनाता है. बोले, यही चाहिए. एक बार माल नहीं था, तो पूछने लगे, दूसरा कोई है जो इतनी ही जल्दी जमता हो?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गुलाबाची गरीब बाटली घेतली आणि घरी येऊन तडक काकांचं दार वाजवलं. हॉलमध्ये खिडकीखालच्या मांडणीवर साबणाच्या वड्या वाळत होत्या. चौकोनी, गुळगुळीत, एकीलाही ओरखडा नाही.

"या कुणी केल्या?"

"मीच. मधल्या वारी करतो."

"मग रविवारी काय होतं तुम्हाला?"

काका बराच वेळ वड्या सारख्या करत बसले. त्या सारख्याच होत्या.

"नीट जमलेला साबण एकट्याला ओतता येतो गं," ते म्हणाले. "चाळीत दिवाळीला हिचा लाडवांचा पाक नेहमी पुढे जायचा, लाडू वळायच्या आत आखडायचे. मग ही गॅलरीत उभी राहून ओरडायची, हात घेऊन या गं. सगळ्या बायका धावत यायच्या. घर कसं भरून जायचं. दरवर्षी खरंच पुढे जायचा का, ते मी तिला कधी विचारलं नाही."

मी भांडायला गेले होते. गुलाबाची बाटली पर्समध्येच राहिली.

पुढच्या रविवारी दहा वाजले, बेल नाही. साडेदहा झाले. ढवळेवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "काकांचं आज काय झालं?" त्यांनी मोजे घातलेले होते. मी मटणाचा गॅस बंद केला, काकांच्या दारापाशी गेले आणि बेलवर ठेवलेलं बोट उचललंच नाही.

काकांनी दार उघडलं. ओट्यावर पातेल्यात साबण अगदी शहाण्यासारखा पातळ होता, साचा पुसून तयार होता. गॅसवर काहीच नव्हतं.

"आज आखडला नाही," ते खाली बघत म्हणाले. "तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

फळीवर मोगऱ्याची बाटली होती. मी ती घेतली, झाकण काढलं आणि अख्खी ओतली. ढवळेवहिनींनी ब्लेंडर फिरवला. बघता बघता तो आत उभा राहिला.

"अगं, जास्त पडला," काका म्हणाले.

"पडू दे. तुम्ही आधण ठेवा. आणि आधी बाकीच्या बेला दाबून या."