मूळ रूप नष्ट झाल्याचा दाखला

नगरपालिकेच्या काच पुनर्वापर केंद्रात काम सुरळीत चालले होते आणि त्यावर कोणाचीही देखरेख नव्हती. ही गंभीर बाब लक्षात येताच तिथे एक पर्यवेक्षक नेमण्यात आला. माणूस सरळमार्गी होता. निवृत्तीला चार वर्षे उरली होती आणि आजवर त्याने छापील रकान्याबाहेर एक अक्षर लिहिले नव्हते.

केंद्र म्हणजे एक पत्र्याची शेड, पाण्याचे दोन हौद आणि बाटल्या धुणाऱ्या एक मावशी. लोकांनी टाकलेल्या बाटल्या मावशी कोमट पाण्यात भिजवत, लेबले खरवडत, ब्रशने आतून घासत आणि उजेडाकडे धरून पाहत. लख्ख झालेल्या बाटल्या दूधवाला आणि मधवाला घेऊन जात. पंधरवड्यात त्याच बाटल्या परत येत. काही तर मावशी उडालेल्या टवक्यावरून ओळखत. "आली बघा ही माहेरपणाला," म्हणत आणि पाण्यात सोडत.

पर्यवेक्षकाने अहवालाचा तक्ता उघडला. रकाना चौथा : 'प्रक्रिया केलेल्या काचेचे वजन'. खाली बारीक अक्षरात टीप होती : 'प्रक्रिया म्हणजे वस्तूचे मूळ रूप नष्ट होणे.' त्याने एक धुतलेली बाटली उलटसुलट करून पाहिली. मूळ रूप शाबूत होते. उलट जरा जास्तच उठून दिसत होते. त्याने रकान्यात शून्य लिहिले.

"शून्य?" मावशींचा हात ब्रशसकट थांबला. "अहो साहेब, सोमवारपासून दोन हजार बाटल्या घासल्यात. हातांची सालं निघाली."

"घासल्यात हे खरं, मावशी. पण त्या अजून बाटल्याच आहेत ना!"

महिनाअखेरीस मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतले. सगळ्या वॉर्डांत हे केंद्र शेवटचे आले होते. पहिल्या आलेल्या केंद्रात फक्त एक उतार होता. गाडी उतारावर यायची, मागचे फळकूट उघडायची आणि सगळा माल खाली खळ्ळकन फुटायचा.

"तुमच्याकडे उतार नाही?" साहेबांनी विचारले.

"नाही सर. हौद आहेत."

"मग हातोडा घ्या."

हातोडा आठ दिवसांत आला. सोबत 'मूळ रूप नष्ट झाल्याचा दाखला' अशी शंभर पानी पुस्तके आली. चष्मे आणि हातमोजे मागाहून येणार होते. तक्त्यात काच स्वच्छ असावी अशीही अट होती, म्हणून मावशी आधी बाटली घासायच्या, उजेडाकडे धरून पाहायच्या आणि मग फोडायच्या. पर्यवेक्षक शेजारी उभा राहून दाखल्यावर सही करायचा. काचेच्या कारखान्याने रंगांची भेसळ झालेला चुरा नाकारला. मग तो डंपिंगच्या खड्ड्यात जाऊ लागला. 'केंद्राबाहेर रवाना' या रकान्यात खड्डा बसत होता.

दूधवाला रिकामे क्रेट घेऊन आला तेव्हा मावशी खाली मान घालून फोडत होत्या.

"मावशी, वेड लागलं का? माझ्या बाटल्या आहेत त्या!"

"मला काय विचारतोस बाबा? त्यांना विचार, त्यांची सही असते."

पर्यवेक्षकाने त्याला अर्जाचा नमुना दिला. दूधवाल्याने तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि महिनाभरात प्लास्टिकच्या पिशव्या सुरू केल्या. मधवाल्याने तर अर्जही मागितला नाही.

आता बाटल्या येईनात. फिरत्या होत्या तेवढ्या फुटून गेल्या होत्या आणि उद्दिष्ट मात्र दर महिन्याला दहा टक्क्यांनी वाढत होते. तेव्हा वरिष्ठ पातळीवर सखोल विचारविनिमय होऊन नव्या कोऱ्या बाटल्या थेट कारखान्यातून मागवायचे ठरले. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, एकमेकींना धक्का लागू नये म्हणून मध्ये कागद घालून येत. खोक्यावर लिहिलेले असे : 'सांभाळून हाताळा'. केंद्र वॉर्डांत पहिले आले.

त्याच आठवड्यात एक काच उडून मावशींच्या तळव्यात घुसली. चार टाके पडले. पर्यवेक्षकाने रकाना नववा उघडला : 'नेमून दिलेले काम करताना झालेली इजा'. मावशींची नेमणूक धुण्यासाठी होती आणि इजा फोडताना झाली होती. त्याने 'निरंक' लिहिले. लिहून झाल्यावर त्याने वही मिटली मात्र नाही.

मावशींनी बांधलेल्या हाताकडे पाहिले, मग वहीकडे.

"लिहिता येत नाही ना तुम्हाला? मग तोंडाने तरी सांगा कोणाला. रविवारी वॉर्डाची सभा आहे."

आणि आश्चर्य म्हणजे तो मावशींना घेऊन गेला. भरल्या सभेत उभा राहिला आणि सगळे सांगून टाकले. तुम्ही टाकलेली बाटली धुतो, मग फोडतो, मग खड्ड्यात नेतो. ती कमी पडते म्हणून नवी आणून फोडतो. या बाईंचा हात बघा.

मग पुढच्या रांगेतले एक सुखवस्तू गृहस्थ उठले.

"तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे. पण आमच्या कोपऱ्यावरचा काचेचा डबा जरा लांब आहे. दोन पावलं अलीकडे घेता येईल का? बाटली टाकली, आत खळ्ळ झालं, की मनाला किती बरं वाटतं! पुढचं काय ते तुमचं तुम्ही बघा."

"अगदी मनातलं बोललात," मागून कोणीतरी म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. डबा अलीकडे घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

बाहेर पडताना मावशींनी एवढेच विचारले, "उद्या किती खोकी आहेत?"

टाळ्या कोणी कोणी वाजवल्या याची नोंद पर्यवेक्षकाने ठेवली नाही. तसा रकानाच नव्हता. पण तुमच्या कोपऱ्यावरचा डबा कालपासून दोन पावले अलीकडे आला आहे. आणि सकाळी बाटली टाकून परतताना तुम्हाला खरोखरच बरे वाटत होते.